कुंपण आणि धावपट्टी

नर्मदाकाठच्या या मुलखात मराठी माणूस निरनिराळ्या वाटांनी आला. १७८१ मध्ये सागरच्या मराठी सुभेदाराने गढामंडल्याची गोंड राजसत्ता संपविली. १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला व नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांस दिले, आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत येथे भोसल्यांचा अंमल राहिला. त्या काळचा मराठी माणूस घोड्यावरून अथवा पायी आला. पुढे १८७० मध्ये मुंबईकडून आलेला जी. आय. पी. लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन लोहमार्ग जबलपुरास एकमेकांस मिळाले, आणि नोकरीच्या निमित्ताने येणाऱ्यांचा ओघ आगगाडीतून सुरू झाला. शहपुऱ्याचे भिटौनी स्टेशन याच लोहमार्गावरचे. नैनपूरमार्गे गोंदियास जाणाऱ्या छोट्या लाइनीने कितीतरी माहेरवाशिणी विदर्भात गेल्या आणि परत आल्या. जबलपूरहून सुटणारी ती छोटी गाडीही २०१५ मध्ये थांबली. आता आपली मुले-नातवंडे मुंबई-पुण्याहून, आणि मुंबईमार्गे सातासमुद्रांपलीकडून, जबलपूरच्या डुमना विमानतळावर उतरतात.

यांतील प्रत्येक वाटेला तिची राखण होती. घाटात चौकी होती, लोहमार्गाला फाटक होते. विमानाच्या वाटेला मात्र राखण कोठली, ती तर आकाशातून जाते, असे वरवर पाहता वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. विमान आकाशात असते तेव्हा त्याच्या आसपास सहसा कोणी नसते. त्याची खरी गाठ पडते ती जमिनीशी, आणि जमिनीवर माणसे आहेत, वाहने आहेत, जनावरे आहेत. म्हणूनच प्रत्येक विमानतळाभोवती एक कुंपण असते. वैमानिकांच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या. या कुंपणाची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही. ती मराठी माणसांच्या आयुष्याशी अनेक ठिकाणी गुंफलेली आहे, आणि तिचा एक अध्याय आपल्या डुमन्यावरच घडला आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ती कथा नोंदवून ठेवावी, असे आम्हांस वाटले.

बिनकुंपणाचे दिवस

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा आरंभ आपण त्या दिवसापासून मानतो. जुहूचे ते मैदान म्हणजे समुद्रालगतची सपाट माती होती. पावसाळ्यात तेथे चिखल होई, तेव्हा विमानांचा मुक्काम पुण्यास हलविला जाई. विमान लहान, फेऱ्या थोड्या, प्रवासी विरळाच. उतरणाऱ्या विमानाला धोका होता तो वाऱ्याचा आणि चिखलाचा. माणसाच्या दुष्टाव्याचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

१९४४ च्या डिसेंबरात शिकागो येथे बावन्न राष्ट्रांच्या परिषदेत नागरी विमानवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या कराराला पुढे परिशिष्टे जोडली गेली. विमानतळ कसा असावा, धावपट्टीच्या आजूबाजूस किती जागा मोकळी असावी, हे सांगणारे चौदावे परिशिष्ट १९५१ मध्ये संमत झाले. घातपातापासून विमानाचे रक्षण कसे करावे, हे सांगणारे सतरावे परिशिष्ट संमत व्हावयास मात्र १९७४ साल उजाडले. मध्यंतरी तेवीस वर्षे गेली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे आपल्याकडे म्हणतात. या तेवीस वर्षांत ज्यांना ठेच लागली, त्यांत आपली मराठी माणसे होती.

पास असलेला माणूस

एप्रिल १९५५. इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया व आफ्रिकेतील राष्ट्रांची परिषद भरावयाची होती. चीनच्या शिष्टमंडळातील काही मंडळी आणि पत्रकार यांना हाँगकाँगहून जाकार्तास नेण्यासाठी एअर इंडियाचे एक कॉन्स्टेलेशन जातीचे विमान भाड्याने घेण्यात आले. विमानाचे नाव 'काश्मीर प्रिन्सेस'. कप्तान होते दामोदर काशिनाथ जटार. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक, आणि विमानाच्या देखभालीचे अभियंते अनंत कर्णिक. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय हेही याच विमानाने जाणार, असा समज होता. प्रत्यक्षात ते या विमानात चढले नाहीत.

विमान हाँगकाँगच्या काइ टाक विमानतळावर उतरले. तेथे त्यात इंधन भरावयाचे, साफसफाई करावयाची, किरकोळ देखभाल उरकावयाची. ही कामे विमानतळावरील एका देखभाल कंपनीची माणसे करीत. ती माणसे कुंपणाच्या आतली. त्यांना कोणी अडविण्याचे कारण नव्हते. त्यांच्यापैकीच एका सफाई कामगाराने विमानाच्या उजव्या पंखातील चाकाच्या कप्प्यात घड्याळाचा बाँब ठेवला, असे पुढील तपासात दिसून आले. प्रवाशांच्या सामानाची झडती कितीही काटेकोर घेतली असती, तरी तो बाँब सापडला नसता. तो सामानात नव्हताच.

११ एप्रिल १९५५ रोजी दुपारी विमानाने उड्डाण केले. सुमारे पाच तासांनंतर, समुद्रावर अठरा हजार फूट उंचीवर असताना, स्फोट झाला. पंखाला आग लागली, धूर आत शिरला. कप्तान जटार यांनी विमान समुद्राकडे वळविले. आपला ठावठिकाणा कळविणारे संकटसंदेश धाडण्यात आले. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांनी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे वाटली. नातुना बेटांजवळ विमान पाण्यावर आदळले. एकोणीसांपैकी सोळा गेले; अकराही प्रवासी, आणि कप्तान जटार व ग्लोरिया बेरी यांच्यासह पाच कर्मचारी. वाचले ते तिघे, दीक्षित, पाठक आणि कर्णिक. भारत सरकारने या कर्मचाऱ्यांच्या धैर्याचा अशोकचक्राने गौरव केला. कर्णिकांनी पुढे 'काश्मीर प्रिन्सेस' याच नावाने त्या प्रवासाची हकीकत लिहिली.

इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाने समुद्रातून काढलेल्या अवशेषांवरून स्फोटाचे स्थान निश्चित केले. संशयित सफाई कामगार तोवर तैवानला निसटला होता आणि तेथील सरकारने त्याला परत पाठविले नाही. खटला उभा राहिलाच नाही.

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावयाची, हा आपल्या शेतकऱ्याचा जुना प्रश्न आहे. काइ टाकवर तो विमानतळापुढे उभा राहिला. आज कोणत्याही मोठ्या विमानतळावर झाडूवाल्यापासून अभियंत्यापर्यंत प्रत्येकाच्या गळ्यात छायाचित्राचा पास असतो. तो देण्यापूर्वी त्याच्या पूर्वायुष्याची पोलिसांकडून खातरजमा होते. आणि कामावर येताना त्याचीही झडती होते. विमान ठरावीक वेळेपेक्षा अधिक काळ राखणीवाचून उभे राहिले, तर त्याचा कानाकोपरा पुन्हा तपासावा लागतो. हे सारे नियम एकट्या 'काश्मीर प्रिन्सेस'मुळे झाले असे म्हणता येणार नाही. परंतु त्यांची गरज जगाला जर कोठे प्रथम ठळकपणे दिसली असेल, तर ती तेथे.

पेटी आली, माणूस आला नाही

सत्तरच्या दशकात विमाने पळविण्याचे सत्र सुरू झाले. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान पळवून लाहोरास नेण्यात आले आणि तेथे ते जाळण्यात आले. १० सप्टेंबर १९७६ रोजी आणखी एक विमान लाहोरास गेले. या दुसऱ्या घटनेनंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ च्या जानेवारीत नागरी विमानवाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा एक स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला.

तो कक्ष अद्याप बाळसे धरीत होता तोच २३ जून १९८५ चा दिवस आला. कॅनडातील व्हँकुव्हर येथे आदल्या दिवशी एका प्रवाशाच्या नावे एक पेटी विमानात चढली. टोरोंटोस ती एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात पोहोचली. पेटीचा धनी मात्र कोठेच चढला नव्हता. टोरोंटोस सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बंद पडले होते, आणि उरलेले सामान हातात धरावयाच्या एका उपकरणाने तपासण्यात आले. आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रावर, विमान फुटले. ३२९ जीव गेले. त्यांतील बहुसंख्य कॅनडात स्थायिक झालेले भारतीय होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन आजोळी निघालेली कुटुंबे होती. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या प्रवासाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. त्याच दिवशी जपानमधील नारिता विमानतळावर एअर इंडियाच्या दुसऱ्या विमानासाठी आलेली एक पेटी फुटली आणि सामान उचलणारे दोन कामगार ठार झाले.

'कनिष्क'नंतर १ एप्रिल १९८७ रोजी त्या लहानशा कक्षाचे रूपांतर नागरी विमानवाहतूक सुरक्षा ब्यूरो या स्वतंत्र खात्यात झाले. आणि एक नियम सर्वत्र पक्का झाला, ज्या सामानाचा धनी विमानात नाही, ते सामान विमानात जाणार नाही. विमान सुटावयाच्या वेळी कोणा एकाच्या नावाचा पुकारा पुन्हापुन्हा होतो. तो आला नाही, तर पोटातील शेकडो पेट्यांतून त्याची पेटी शोधून खाली उतरविली जाते, आणि आत बसलेले आपण घड्याळाकडे पाहत चरफडतो. त्या अर्ध्या तासाची किंमत कोणी आधीच मोजून ठेवली आहे, हे त्या वेळी आठवावे.

पुढल्याच वर्षी, ५ सप्टेंबर १९८६ रोजी, कराचीस कुंपणाची आणखी एक फट दिसली. मुंबईहून निघालेले पॅन ॲम कंपनीचे विमान तेथे उभे असताना सुरक्षा रक्षकांच्या वेषातील चौघे सशस्त्र तरुण, रक्षकांच्या गाडीसारखी सजविलेली गाडी घेऊन, थेट विमानापर्यंत आले. गणवेश आणि गाडी पाहून त्यांस वाट मिळाली. मुंबईत वाढलेल्या नीरजा भनोत यांनी तत्काळ वैमानिकांना सावध केले. वैमानिक वरच्या झडपेतून निसटले, त्यामुळे विमान उडविणे अपहरणकर्त्यांना अशक्य झाले. पुढे अंदाधुंद गोळीबारात सुमारे वीस माणसे मेली. प्रवाशांना दाराबाहेर काढता काढता नीरजाही गेल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. काइ टाकवर पास खरा होता आणि माणूस खोटा निघाला. कराचीस पासही खोटा आणि माणूसही खोटा.

डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान कंदाहारास नेण्यात आले. त्यानंतर भारतातील विमानतळांची राखण राज्य पोलिसांकडून टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. त्याचा प्रारंभ ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूर येथे झाला.

रस्ता आणि धावपट्टी

येथवर आपण दुष्टाव्याची कथा पाहिली. परंतु कुंपणाचे दुसरे काम याहून जुने आणि साधे आहे. ज्याच्या मनात काहीही वाईट नाही, त्यालाही धावपट्टीपासून दूर ठेवणे, हे ते काम.

औरंगाबादचे चिकलठाणा विमानतळ. २६ एप्रिल १९९३, दुपारची वेळ, वैशाखातले ऊन. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ दिल्लीहून जयपूर, उदयपूर करीत औरंगाबादेस आले होते. आता मुंबईस निघाले. आत ११२ प्रवासी आणि सहा कर्मचारी. उन्हाने तापलेली हवा विरळ असते आणि विरळ हवेत विमानाला उचल घेण्यास धावपट्टी अधिक लागते. या विमानाने जवळजवळ सारी धावपट्टी वापरली आणि अगदी शेवटी, संथपणे, जमीन सोडली. धावपट्टीच्या टोकापासून थोड्याच अंतरावरून बीडकडे जाणारा रस्ता आडवा जात होता. त्या क्षणी त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गठाणींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या गठाणींना लागला. जखमी विमान तसेच पुढे गेले, काही किलोमीटरांवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना अडकून शेतात कोसळले, त्याचे तुकडे झाले आणि आग लागली. पंचावन्न माणसे गेली, त्रेसष्ट वाचली.

चौकशीत दोन कारणे नोंदली गेली. एक, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास केलेला उशीर आणि ते उचलण्याची चुकीची रीत. दुसरे, विमानांच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्याची व्यवस्था राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती, हे. आमच्या मते दुसरे कारण पहिल्याइतकेच विचार करण्याजोगे आहे. मनुष्य चुकतो; वैमानिकही मनुष्यच. त्याची चूक पोटात घालील इतकी मोकळी जागा धावपट्टीच्या पुढे असावी, आणि नसेल तर निदान रस्त्यावर फाटक असावे. रेल्वेच्या फाटकाशी खोळंबणे आपणांस नवे नाही. गाडी येण्यापूर्वी फाटक पडते, बैलगाडीपासून मोटारीपर्यंत सारी वाहने थांबतात, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. अशी एक दांडी आणि ती पाडणारा एक माणूस, एवढीच सामग्री त्या दुपारी बीड रस्त्यावर हवी होती. ट्रक चालविणाऱ्याने कोणताही गुन्हा केला नव्हता. तो आपल्या वाटेने चालला होता. दोन वाटा एकमेकींना छेदतात, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते, एवढेच.

डुमन्याची रानडुकरे

आता आपल्या दारी येऊ. शहपुऱ्याहून निघालेल्या माणसाला जबलपूर शहर ओलांडून पूर्वेस जावे, तेव्हा डुमना लागते. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेला खंदारी जलाशय, त्याच्या भोवतालचे जंगल, चितळ, रानडुकरे, क्वचित बिबळ्या, असा तो परिसर. महानगरपालिकेने तेथे निसर्गोद्यान राखले आहे. त्याच जंगलाच्या शेजारी विमानतळ आहे. पाहुण्याला तेथील हिरवाई रम्य वाटते. धावपट्टीच्या राखणदाराला तिची निराळी काळजी असते.

४ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, स्पाइसजेटचे मुंबईहून आलेले क्यू-४०० जातीचे पंख्याचे विमान डुमन्यावर उतरले. आत ४९ प्रवासी होते. चाके टेकून विमान वेगाने धावत असतानाच रानडुकरांचा कळप धावपट्टीवर आला. धडक बसली, विमानाच्या डाव्या बाजूचे मुख्य चाक मोडून पडले, आणि एका अंगावर कललेले विमान घासत धावपट्टीच्या बाहेर गेले. आग लागली नाही. सारे प्रवासी आणि कर्मचारी सुखरूप बाहेर पडले. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. त्या विमानातून किती जण आपल्या परिचयाचे, नात्यागोत्याचे उतरले असते, याचा विचार जबलपूर परिसरातील प्रत्येक मराठी घराने त्या रात्री केला असेल.

रानडुकराचे एक लक्षण आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. ते कुंपणावरून उडी मारीत नाही; नाकाड्याने माती उकरून कुंपणाखालून येते. म्हणून जंगलालगतच्या विमानतळाची भिंत उंच असून भागत नाही, ती जमिनीत खोलही जावी लागते. ओढ्याचे पाणी बाहेर जाण्यासाठी भिंतीत जी मोरी ठेवतात, तिला जाळी लागते. पावसाळ्यानंतर भिंतीखालची माती खचली आहे काय, हे पायी फिरून पाहावे लागते. विमान उतरण्यापूर्वी जीप घेऊन सबंध धावपट्टी तपासावी लागते, आणि रात्री तर विशेषच. यात विज्ञानाचा चमत्कार कोठेही नाही. ही शेत राखणाऱ्या माणसाची विद्या आहे, आणि ती रोज करावी लागते.

या विद्येचा काही भाग कुंपणाबाहेरच्या लोकांकडेही आहे. भारताच्या १९३७ च्या विमान नियमांत एक्क्याण्णवावा नियम आहे. विमानतळाच्या दहा किलोमीटरांच्या परिसरात उघड्यावर जनावरे कापणे, सोलणे, अथवा घाण व कचरा टाकणे त्याने निषिद्ध केले. कारण घाणीवर गिधाडे-घारी जमतात, कुत्री येतात, आणि त्यांच्यामागोमाग अपघात येतो. उघड्यावर पत्रावळी फेकून घरी परतणारा सज्जन गृहस्थ आपण एखाद्या विमानाच्या वाटेत काही टाकले, असे स्वप्नातही मानीत नाही. औरंगाबादच्या ट्रकचालकाप्रमाणे तोही निर्दोष मनाने आपल्या वाटेने जात असतो. म्हणूनच ही गोष्ट त्याला कोणीतरी सांगितली पाहिजे. विमानात बसणारे आपण नेहमी कुंपणाच्या आत असतो असे नाही. बहुतेक दिवस आपण बाहेरच असतो.

२०१५ नंतरही डुमन्याची परीक्षा संपली नाही. १२ मार्च २०२२ रोजी दिल्लीहून आलेले अलायन्स एअरचे विमान धावपट्टी संपवून पुढील मातीत रुतले. पंचावन्न प्रवासी होते. कोणास इजा झाली नाही. धावपट्टीच्या टोकाला मोकळी माती राखावी, या नियमाने त्या दिवशी आपले काम केले. त्यानंतर धावपट्टी लांबविण्यात आली, आणि १० मार्च २०२४ रोजी पुणे, कोल्हापूर, ग्वाल्हेर यांच्यासह जबलपूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. काचेची भव्य इमारत पाहून आपणां सर्वांस आनंद झाला. परंतु विमानतळ म्हणजे केवळ ती इमारत नव्हे. इमारतीपलीकडे, जेथे प्रवाशाची नजर क्षणभरच जाते, तेथे खरा विमानतळ सुरू होतो.

जमिनीवरची माणसे

डुमन्याच्या घटनेला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईच्या विमानतळावर एअर इंडियाचा एक तंत्रज्ञ विमान मागे ढकलले जात असताना सुरू झालेल्या इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. प्रवाशांपैकी कोणास धक्काही लागला नाही. डुमन्यावर उतारू वाचले ही बातमी झाली, आणि मुंबईचा तो कामगार गेला हीही बातमी झाली. पहिली आपल्या लक्षात राहिली, दुसरी बहुधा राहिली नाही. नारिताच्या त्या दोन हमालांचेही असेच झाले. 'कनिष्क'च्या शोकसागरात त्यांच्यासाठी वेगळा अश्रू कोणी ढाळला असेल तर तो त्यांच्या घरच्यांनीच.

२५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान पेटून कोसळले आणि ११३ माणसे मेली. कारण शोधता शोधता ते एका धातूच्या पट्टीपाशी आले. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानाची ती पट्टी, धावपट्टीवर पडून राहिलेली. हातभरही लांब नसेल. तिने टायर फाटला, टायरच्या तुकड्याने टाकीला मार बसला. एका माणसाने वाकून ती उचलली असती तर! परंतु ज्या ज्या दिवशी कोणीतरी वाकून अशी पट्टी उचलली, त्या दिवसांची नोंद इतिहासात नाही. काही घडले नाही, त्याची बातमी होत नसते. राखणदाराच्या कामाचे हेच दुर्दैव, आणि हीच त्याची थोरवी.

आपल्या शहपुऱ्याला हे समजणे अवघड जाऊ नये. भिटौनीचे पेट्रोलियम डेपो आपल्या शेजारी आहेत. अशा डेपोच्या दारात काड्यापेटी काढून ठेवावी लागते. मोठा अधिकारी असो वा ट्रकचा क्लीनर, दोघांचे खिसे सारखेच रिकामे होतात. दारावरच्या माणसाचा आपणांवर अविश्वास आहे, असे कोणी समजत नाही. सारे गाव निर्धास्त झोपावे म्हणून तो जागा असतो. विमानतळावरचा जवान जेव्हा आपल्या सत्तर वर्षांच्या आईला पायांतील वहाणा काढावयास सांगतो, तेव्हा मनात किंचित राग येतो, हे नैसर्गिक आहे. त्याने सौजन्याने वागावे, ही अपेक्षाही रास्त आहे. वृद्धांशी, लहानग्यांच्या आयांशी उद्धटपणा हा सुरक्षेचा भाग नव्हे. परंतु तपासणीच नको, असे म्हणण्याचा अधिकार 'काश्मीर प्रिन्सेस' आणि 'कनिष्क' यांच्यानंतर आपणांस उरलेला नाही.

या इतिहासाचे सार एवढेच दिसते. कुंपण एकदा घालून संपत नाही. ते रोज नव्याने घालावे लागते. पास दिलेल्या माणसाकडे पुन्हा पाहावे लागते, पेटीला धनी आहे ना हे पुन्हा मोजावे लागते, रस्त्यावरचे फाटक वेळेवर पाडावे लागते, भिंतीखालची माती पुन्हा चाचपावी लागते. हे करणारा माणूस उंच उडत नाही. त्याचे पाय जमिनीवर असतात, म्हणून दुसऱ्यांचे उड्डाण होते.

संस्थांचेही असेच असते. पन्नास वर्षांच्या वाटचालीत व्यासपीठावर बसलेल्यांची छायाचित्रे स्मरणिकेत येतात, आणि ती यावीत. परंतु गणेशोत्सवाच्या पहाटे सतरंज्या घालणारे, वर्गणीचा हिशेब पैशापैशाने जुळविणारे, कार्यक्रम संपल्यावर दिवे मालवून कुलूप लावणारे हात कोणत्याही छायाचित्रात नसतात. परमुलखात मराठी घरांचा हा समुदाय अर्धे शतक एकत्र राहिला, त्याचे श्रेय त्या हातांनाही आहे. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्यांचे, आणि ज्यांच्या जागेपणामुळे आपले दूरदेशीचे आप्त डुमन्यावर सुखरूप उतरतात त्या अनाम राखणदारांचे, कृतज्ञतेने स्मरण करून आम्ही हा लेख पुरा करतो.